सेरेंगेटी समजून घ्यायचं तर सुरुवात गवतापासून

गवतवेडी

सेरेंगेटीला जाऊन आलेल्या मराठी मंडळींची वर्णनं आता भरपूर वाचायला मिळतात. सिंह किती दिसले, बिबट्या दिसला की हुकला, नदी ओलांडणारा कळप सापडला का, यावर बहुतेकांचा भर असतो. तो असणारच, त्यासाठीच आपण एवढे पैसे खर्च करून जातो. पण टांझानियातल्या या १४,७६३ चौरस किलोमीटरच्या उद्यानात जे काही घडतं त्याचा उगम जमिनीत, पावसात आणि गवतात आहे. तो कळला की समोरचं प्रत्येक जनावर तिथे का आहे तेही कळायला लागतं. मी गवताळ प्रदेशांवर काम करते आणि फेब्रुवारीत तिथे होते, म्हणून हा धागा. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी.

नाबी हिल गेटपाशी एक खडकाळ टेकडी आहे. तिथून दक्षिणेकडे नजर टाकली की क्षितिजापर्यंत जवळजवळ झाड नाही. हे कुणी तोडलेलं जंगल नाही. आग्नेयेला न्गोरोंगोरोचा ज्वालामुखींचा पट्टा आहे, त्यात केरिमासी आणि अजूनही जागृत असलेला ओल दोइन्यो लेंगाई. या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं वाऱ्याबरोबर पश्चिमेला येऊन पडत राहिली. राखेत कॅल्शियम आणि सोड्याचे क्षार भरपूर. पावसात ते विरघळले, खाली झिरपले आणि जमिनीच्या पोटात त्यांचा टणक थर बसला, गच्चीवर कोबा घालावा तसा. झाडाची मुळं तो थर फोडू शकत नाहीत. गवताला मात्र वरची वीत-दोन वीत माती पुरते.

न्दुतू तळ्याजवळ एका ओघळीच्या कडेला हा थर उघडा पडलेला बघायला मिळाला. वर करडी, भुसभुशीत माती आणि तिच्यात गवताच्या मुळांची दाट जाळी. खाली एकदम पांढरट पट्टा, नखाने खरवडून निघत नाही असा. मुळं त्या पट्ट्यापर्यंत सरळ उतरली होती आणि तिथून आडवी वळली होती. आमचा गाडीवान मुलगा अरुशा शहराचा, रोज या रस्त्याने जाणारा. तो म्हणाला, इथे थांबायला सांगणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

हे आखूड गवत दिसायला अगदीच किरकोळ असतं. कुठेकुठे बोटाच्या दोन पेरांएवढं. पण राखेमुळे त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असतं, आणि दूध पाजणाऱ्या मादीला नेमकं तेच लागतं. म्हणून जानेवारी ते मार्चमध्ये विल्डबीस्टचे, म्हणजे शिंगं असलेल्या मोठ्या कुरंगांचे, कळप इथे येऊन वितात. तेरा लाखांच्या आसपास जनावरं, आणि बहुतेक माद्या फेब्रुवारीच्या आगेमागे दोन-तीन आठवड्यांत मोकळ्या होतात. एकाच वेळी इतकी पिल्लं जमिनीवर आली की तरस आणि सिंह खाऊन खाऊन किती खाणार? चार-सहा महिन्यांत विखरून जन्मली असती तर एकेक करून बहुतेक संपली असती.

एक वीण अगदी जवळून बघायला मिळाली. मादी दोनदा बसली, दोनदा उठली, चार पावलं चालली आणि पुन्हा बसली. पिल्लू बाहेर आलं तेव्हा फिकट तपकिरी, ओलं, आणि पाय धडापेक्षा लांब. मादी चाटत होती आणि चाटता चाटता मागे सरकत होती. पिल्लाने पुढचे गुडघे टेकले, मागचा भाग वर उचलला, तोंडावर आपटलं. पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला चारही पाय लागले, आणि काही मिनिटांतच ते आईच्या पोटाला चिकटून धावत होतं. दूर एक तरस बसलं होतं. आईने पिल्लाला गर्दीच्या मधोमध नेलं आणि मग हजारभर सारख्याच पिल्लांत ते ओळखू येईना.

मग एवढं सकस गवत सोडून हे कळप जातात तरी कशाला? कारण पाणी. दक्षिणेच्या माळावर वर्षाला जेमतेम ५०० मिमी पाऊस पडतो, उत्तर-पश्चिमेला त्याच्या दुपटीच्या आसपास. पाऊस थांबला की माळावरची डबकी आटतात आणि न्दुतूसारख्या तळ्यांचं पाणी खारट होत जातं. मेच्या सुमाराला कळप पश्चिमेकडे सरकतात, जूनच्या आसपास ग्रुमेती नदीच्या पट्ट्यात असतात, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे काही टांझानियात आणि काही केनियातल्या मसाई मारात. नोव्हेंबरचा पाऊस आला की परत दक्षिणेला. उत्तरेत गवत मुबलक असतं पण त्यात क्षार कमी. म्हणून जगायला उत्तर आणि पिल्लं वाढवायला दक्षिण, असं हे वर्षाचं चक्र आहे.

त्यांच्याबरोबर दोन लाखांच्या आसपास झेब्रे असतात. झेब्र्याला वरखाली दोन्हीकडे पुढचे दात आहेत, त्यामुळे गवताचे उंच, जाड दांडे तो कापू शकतो. तो पुढे गेला की मधलं पानाळ गवत विल्डबीस्टच्या वाट्याला येतं, आणि सगळे गेल्यावर फुटलेला कोवळा कोंब थॉमसन गॅझेल हे छोटं हरीण खातं. जुनी पुस्तकं सांगतात की एकाने दुसऱ्याची वाट मोकळी करायची. अलीकडच्या अभ्यासातून त्याची दुसरी बाजूही पुढे आली आहे: विल्डबीस्ट मागून आले की झेब्र्यासाठी काही उरत नाही, म्हणून झेब्र्याला पुढे राहावंच लागतं. मला हे जास्त पटतं. माळावर कुणी कुणाची सोय बघत नाही.

मधल्या पट्ट्यातल्या खडकांच्या टेकड्यांबद्दल, ज्यांना तिथे कोप्ये म्हणतात, खरं तर वेगळं लिहायला हवं. राखेच्या माळातून डोकं वर काढलेला फार जुना ग्रॅनाइट, त्याच्या भेगांत साचलेलं पाणी, तिथे तगलेली झाडं, सशाएवढे हायरॅक्स, निळ्या-गुलाबी रंगाचे अगामा सरडे, आणि सावलीला पहुडलेले सिंह. ते पुढे कधीतरी.

चांदणभूल

सुंदर धागा. पिल्लाचं वर्णन डोळ्यांसमोर उभं राहिलं. फोटो टाका ना. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

गोठ्यातला_डॉक्टर

धागा वाचून राहवलं नाही. मी पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालो. तुमच्या लेखात जे तेरा लाख विल्डबीस्ट आहेत, ते तेरा लाख का आहेत हे सांगणं माझं काम आहे, कारण त्याचं उत्तर आमच्या क्षेत्रातलं आहे: बुळकांडी.

आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हा शब्द सांगितला तर आजही चेहरा उतरतो. ताप, तोंडात फोड, डोळ्यांतून पाणी, मग रक्ताची हगवण, आणि आठवड्या-दीड आठवड्यात जनावर खलास. गावंच्या गावं बैलांवाचून बसायची. हाच रोग १८८० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत पोचला. इटालियन सैन्यासाठी लाल समुद्रावरच्या मासावा बंदरात उतरवलेल्या गुरांबरोबर तो आला, आणि ती गुरं भारतातून आलेली होती, असं बरेच इतिहासकार मानतात. आफ्रिकेतल्या जनावरांनी हा विषाणू पूर्वी पाहिलेलाच नव्हता. काही वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत गेला. तिथल्या मसाई गुराख्यांची बहुतेक सगळी गुरं मेली, मागून दुष्काळ आणि देवीची साथ आली, माणसंही फार मेली. गुरांबरोबर रानरेडे आणि विल्डबीस्टही मेले.

पुढे साथ ओसरली पण रोग गेला नाही. दर वर्षी विल्डबीस्टची वर्षाच्या आतली पिल्लं त्याने मरत राहिली. १९६१ च्या सुमाराला हवाई मोजणीत जेमतेम अडीच लाख जनावरं भरली. उद्यानाभोवतीच्या गुरांना लस टोचायला सुरुवात १९५० च्या दशकात झाली. केनियात मुगुगा इथे वॉल्टर प्लोराइट यांनी पेशींवर वाढवलेली स्वस्त आणि भरवशाची लस तयार केली, तेव्हा कामाला वेग आला. गुरांमधला रोग हटला तसा १९६३ च्या सुमाराला वन्य कळपांतूनही नाहीसा झाला. लक्षात घ्या, एकाही विल्डबीस्टला कुणी सुई टोचली नव्हती. रोग गुरांतून त्यांच्याकडे जात होता, तो दरवाजा बंद झाला. १९७७ पर्यंत कळप तेरा लाखांच्या घरात गेले.

आणि आता गवतवेडीताईंच्या विषयाकडे. आधी चरणारी तोंडं कमी होती, त्यामुळे गवत वाळून उभं राहायचं आणि दर वर्षी उद्यानाचा मोठा भाग वणव्यात जायचा. तेरा लाख तोंडं चरू लागल्यावर जळायला गवतच कमी उरलं. वणवे घटले, रोपं वाचली, मधल्या आणि उत्तरेच्या पट्ट्यात झाडं पुन्हा वाढली. म्हणजे गुरांच्या लसीने जंगल वाढवलं, असं सरळ म्हणता येतं.

२०११ मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. भारतात १९९५ नंतर तो आढळलेला नाही. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत बकऱ्यांवर तयार केलेली लस खेडोपाडी पायी, सायकलवर, बर्फाच्या थर्मासमधून नेणारी आमच्या आधीची पिढी होती. त्यांच्या कामाची नोंद कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

गवतवेडी

डॉक्टरकाका, मनापासून आभार. हा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. वणव्यांबद्दल एवढीच भर घालते की आजही उद्यानाचे कर्मचारी कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला ठरावीक पट्टे जाळतात. गवतात थोडा ओलावा असतानाच जाळलं की आग फार भडकत नाही आणि पुढे सगळं वाळल्यावर मोठ्या वणव्याला आडकाठी होते. मसाईसुद्धा नवा कोंब फुटावा आणि गोचिडी कमी व्हाव्यात म्हणून गवत जाळत आलेले आहेत.

१९९४ मध्ये पाळीव जनावरांच्या रोगाचा असाच प्रकार सिंहांच्या बाबतीत झाला होता. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर सिंहांत शिरला आणि तिथल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश गेले. आजूबाजूच्या गावांतल्या कुत्र्यांना त्यानंतर मोठ्या प्रमाणावर लस दिली गेली. त्या सिंहांचा सलग अभ्यास १९६६ पासून चालू आहे. तो सुरू करणारे जॉर्ज शॅलर त्याआधी आपल्या कान्हामध्ये वाघांवर काम करून गेले होते.

रानवाटा

काका, कमाल प्रतिसाद. अनुमोदन.

मी ताडोबात वर्षानुवर्षं जातो. एका वाघिणीभोवती जिप्सींचा वेढा पडतो तेव्हा अक्षरशः जीव घुसमटतो. मारा नदीच्या काठावरचे व्हिडिओ बघितले तर तिथे पन्नास-पन्नास गाड्या दिसतात. जनावरांना त्याचा त्रास होतो याचा काही पुरावा आहे का, की हे आपल्याला नुसतं वाटतं?

गवतवेडी

पुरावा आहे, आणि तोही मन खट्टू करणारा. मसाई मारातल्या चित्त्यांवरचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. ज्या भागात पर्यटकांच्या गाड्या कमी, तिथे चित्त्याच्या मादीची एका विणीतली सरासरी दोनाहून जास्त पिल्लं मोठी झाली. जिथे गाड्यांची झुंबड, तिथे पाच विणींत मिळून एखादंच पिल्लू मोठं झालं. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणजे आपण फिरतो त्याच वेळी. गाड्या मध्ये आल्या की शिकार हुकते, नाहीतर मारलेलं भक्ष्य सोडून जावं लागतं. सेरेंगेटीच्या उघड्या माळावर सिंह आणि तरसांमुळे चित्त्याची पिल्लं तशीच फार थोडी जगतात. त्यात आपण भर घालायची गरज नाही.

नदी ओलांडण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गाडी काठापासून लांब ठेवणाऱ्या आणि कळप पाण्यात उतरेपर्यंत जागचा न हलणाऱ्या गाडीवानाबरोबरच जा. कळप काठाशी येतो, पुढचं जनावर पाणी हुंगतं, मागून रेटा येतो, आणि वाटेत गाडी दिसली की सगळा कळप मागे फिरतो किंवा कड्याच्या अवघड जागेवरून उडी घेतो. मग पाय मोडतात, चेंगराचेंगरी होते.

बुडून मरणं मात्र निसर्गक्रमातलंच आहे. मारा नदीत दर वर्षी सरासरी सव्वासहा हजार विल्डबीस्ट बुडतात. ११०० टन मांस. मगरी त्यातलं अगदी थोडं खातात. गिधाडं आणि मराबू करकोचे आपला वाटा उचलतात, मऊ भाग काही आठवड्यांत कुजून पाण्यात मिसळतो, माशांच्या पोटात जातो. हाडं मात्र सात-सात वर्षं फॉस्फरस सोडत राहतात. माळावरच्या गवतातला क्षार अशा रीतीने नदीला मिळतो.

भोरड्या

पक्ष्यांबद्दल कुणीच लिहीना म्हणून मी लिहितो.

सोलापूरजवळच्या नान्नजला ज्यांनी माळढोक पाहिला आहे त्यांनी सेरेंगेटीत कोरी बस्टर्ड बघताना मन घट्ट करून जावं. दोघे एकाच प्रजातीगटातले, सख्खे भाऊच. नर १८ किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत वजनदारांपैकी एक. तिथे तो रस्त्याच्या कडेने संथ पावलं टाकत जातो, मान सरळ, चोच किंचित वर. नर रंगात आला की मानेची पिसं फुगवून पांढरी करतो आणि शेपूट पाठीवर उलटी घेतो. माळावर कितीतरी लांबून तो पांढरा ठिपका दिसतो. आपल्याकडे नान्नजला आता एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. आफ्रिकेतला तो गठ्ठ्याने नाही, पण निवांत आहे. त्याला गवत उरलं आहे म्हणून.

हिवाळ्यात आपल्या माळांवर उतरणारा माँटेग्यूचा भोवत्या तिथेही असतो. गवतावरून हातभर उंचीने तरंगत जाणारा तोच पक्षी बघून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे येणारे आणि तिथे जाणारे थवे वेगवेगळे असतील, पण दोघांनाही लागतं ते उघडं गवतच.

सेक्रेटरी पक्ष्याला साप लाथेने मारताना बघणं जमलं तर जरूर बघा. आणि गिधाडं! मेलेल्या विल्डबीस्टवर कोण कधी येतं याचा क्रम ठरलेला आहे. लॅपेट-फेस्ड गिधाड जाड कातडी फाडतं, रूपेलची गिधाडं आत मान घालून मऊ मांस खातात, आणि हूडेड गिधाड कडेला राहून उरलंसुरलं वेचतं. आपल्याकडे गुरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडं संपत आली. तिथे गुराख्यांनी सिंहा-तरसांसाठी टाकलेल्या विषाने ती मरतात. शेकडो गिधाडं एका विषारी मड्यावर मरू शकतात.

निरंजन_म

सगळं वाचलं, आवडलं. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. हे उद्यान रिकामं होतं का? मसाई तिथे गुरं चारत होते ना? मेळघाटातल्या पुनर्वसनात मी थोडं काम केलं आहे. गाव उठवल्यावर जंगल बहरतं हे खरं, पण उठलेल्या माणसांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. सेरेंगेटीबद्दल बोलताना हा प्रश्न टाळू नये असं मला वाटतं.

अरुशाकर

मी गेली बरीच वर्षं अरुशात आहे, नोकरीनिमित्त. निरंजन, प्रश्न योग्य आहे.

उद्यान १९५१ मध्ये झालं. सुरुवातीला मसाईंना आत राहू देत होते. १९५९ मध्ये हद्द बदलली, पश्चिमेचा भाग फक्त वन्यजीवांसाठी ठेवला आणि मसाईंना पूर्वेच्या न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात हलवलं. तिथे माणूस, गुरं आणि वन्यप्राणी एकत्र राहतील असं ठरलं होतं, आणि आजही न्गोरोंगोरोच्या उतारांवर विल्डबीस्टच्या शेजारी मसाईंची गुरं चरताना दिसतात. तिथल्या लोकांना शेतीला मात्र बंदी, लोकसंख्या वाढलेली, आणि सरकार आता त्यांना लांब म्सोमेरा इथे जायला सांगतं आहे. उत्तरेला लोलिओंदोमध्ये २०२२ च्या जूनमध्ये १५०० चौरस किलोमीटर चराऊ जमिनीची हद्द आखताना मोठा संघर्ष झाला. एक पोलीस मारला गेला, कितीतरी मसाई जखमी झाले आणि बरेच जण सीमा ओलांडून केनियात गेले. इथे ओळखीच्या मसाई लोकांशी बोलताना हा विषय निघाला की आवाज बदलतो.

दुसरी बाजूही सांगतो. मसाई मारा फक्त १५१० चौरस किलोमीटरचं आहे, बाहेरच्या जमिनी खाजगी झाल्या. त्यांना कुंपणं पडत गेली तसं लोइता माळावरून येणारं केनियाचं स्वतःचं छोटं स्थलांतर आटत गेलं. कळपाला कुंपण चालत नाही. उत्तर सेरेंगेटीतून पक्का महामार्ग न्यायचा बेत होता, तो पूर्व आफ्रिकी न्यायालयाने २०१४ मध्ये बेकायदा ठरवला. तो झाला असता तर आज या धाग्यात लिहिण्यासारखं फार उरलं नसतं. माझं मत विचाराल तर गुराखी हा कळपाचा शत्रू नाही. तारेचं कुंपण, डांबरी रस्ता आणि नांगर यांची भीती जास्त आहे.

गवतवेडी

अरुशाकर यांच्याशी पूर्ण सहमत. गुरं आणि वन्यप्राणी शेकडो वर्षं त्या माळावर एकत्र चरले आहेत. रात्री जिथे गुरं बांधायचे त्या जुन्या जागा शेणखताने इतक्या सकस होतात की माणसं उठून गेल्यावरही कितीतरी वर्षं तिथलं गवत हिरवंगार असतं आणि हरणं तिथेच चरायला येतात.

आपल्याकडे हाच विषय वेगळ्या तऱ्हेने चालू आहे. बारामती, इंदापूर, सासवडचे माळ सरकारी कागदात पडीक म्हणून लागतात. पडीक म्हटलं की तिथे चर खणून झाडं लावायची, नाहीतर सोलर बसवायचं. लांडगा, चिंकारा, धाविक पक्षी आणि धनगरांची मेंढरं या सगळ्यांचं घर ते माळ आहेत. सेरेंगेटीच्या दक्षिण माळावर कुणी वृक्षारोपणाचा कार्यक्रम घेतला तर जग हसेल. आपल्या माळावर घेतला तर पेपरात फोटो येतो. याचा मला खरोखर राग येतो.

स्मिता_कोथरूड

धागा वाचनखुणेत साठवला. आम्ही पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय, सोबत सासू-सासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा. सासूबाई शुद्ध शाकाहारी. कधी जावं? मारा की सेरेंगेटी? लसीचं काय? आणि पार्कच्या फीबद्दल वेगवेगळे आकडे ऐकतेय.

अरुशाकर

स्मिताताई, क्रमाने सांगतो.

सेरेंगेटी मसाई माराच्या जवळजवळ दसपट मोठं आहे. अंतरं खूप. अरुशाहून उद्यानाच्या मध्यावरच्या सेरोनेराला रस्त्याने अख्खा दिवस जातो, तोही धुळीचा आणि खडखडाटाचा. सासू-सासऱ्यांना पाठीचा त्रास असेल तर वाटेत कराटूला मुक्काम करा किंवा एका बाजूने छोट्या विमानाने या. पिल्लं बघायची तर फेब्रुवारीत न्दुतू. तिथे न्गोरोंगोरोच्या हद्दीत गाडी रस्ता सोडून नेता येते, सेरेंगेटीच्या हद्दीत नेता येत नाही. नदी बघायची तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्तरेला कोगातेंदे. एप्रिल-मे टाळा. मध्य आणि पश्चिम भागात काळी माती आहे, आणि भर पावसात काळ्या मातीत गाडीचं काय होतं हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. सेरोनेराच्या नदीकाठाला बाराही महिने सिंह-बिबटे असतात. तिथल्या सॉसेज ट्रीच्या आडव्या फांद्या नीट बघत चला, बिबट्या बहुतेक तिथेच लोंबकळत झोपलेला असतो.

पार्क फी परदेशी प्रौढासाठी चोवीस तासांची करांसह ८० डॉलरच्या थोडी वर आहे, कमी गर्दीच्या महिन्यांत थोडी कमी. मुलांना सवलत आहे. मुक्कामाचा आकार आणि न्गोरोंगोरोची फी वेगळी. दर बदलतात, त्यामुळे बुकिंग करताना पुन्हा विचारा. फी चोवीस तासांची असल्यामुळे गेटवर पोचायची वेळ जुळवली तर एका दिवसाचे पैसे वाचतात.

पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. ती ठरावीक सरकारी केंद्रांवरच मिळते आणि रांग असते, उशीर करू नका. नैरोबीमार्गे येणार असाल तर भारतात परतताना ते कार्ड विचारतात. सासू-सासऱ्यांना लस चालेल का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, साठीनंतर जपून देतात. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा.

शाकाहाराची काळजी नको. अरुशात गुजराती वस्ती जुनी आहे, आणि चपाती, सांबुसा, कचुंबरी तर इथल्या लोकांच्या रोजच्या जेवणात आहे. लॉजला आधी कळवलं की वरण-भात, भाजी करतात. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र आणू नका. २०१९ पासून देशात बंदी आहे, खाऊ कापडी पिशवीत भरा. कपड्यांत गडद निळा आणि काळा रंग नको, झाडीच्या भागातल्या त्सेत्से माश्या त्या रंगांवर येतात आणि चावा चांगलाच झोंबतो. स्वेटर हवाच. न्गोरोंगोरोची कड २३०० मीटरच्या आसपास आहे, पहाटे हुडहुडी भरते.

स्मिता_कोथरूड

किती नीट सांगितलंत! खूप आभार. मुलगा सतत विचारतोय की सिंह दिसला नाही तर गाडीत बसून काय बघायचं. त्याला काय सांगू?

गवतवेडी

त्याला शेणकिडे बघायला सांगा. लाखो जनावरांचं शेण दिवसागणिक माळावर पडतं आणि पावसाळ्यात ते पुरणारे हेच. गाडी थांबवून खिडकीतून ताज्या शेणावर नजर ठेवली तर पाच मिनिटांत गोळा वळणारा किडा दिसतो. मागच्या पायांनी उलटं ढकलत नेतो, मध्येच गोळ्यावर चढून गोल फिरतो, दिशा घेतो आणि पुन्हा ढकलतो.

आणि झाडीच्या भागात व्हिसलिंग थॉर्न नावाची बुटकी बाभूळ दाखवा. तिच्या काही काट्यांच्या बुडाशी काळे, पोकळ फुगे असतात, त्यांना भोकं पडलेली असतात आणि वारा आला की शीळ वाजते. आत मुंग्या राहतात. जिराफाने फांदीला जीभ लावली की त्या बाहेर धावतात आणि जिराफ काही घास खाऊन पुढच्या झाडाकडे जातो. गाडीवानाला विचारून, गाडीतूनच, फांदीवर काडीने हलकेच टकटक करायला सांगा. बोट लावू देऊ नका, मुंग्या कडकडून चावतात.